ग्रुपवर ऐंशी, कपाटापाशी चार

या वेळी टपालात आणि मेलवर मिळून एकाच विषयाची पत्रं ढिगाने आली, ग्रंथालयाच्या मित्रमंडळांची. जून उजाडला की सगळ्यांना वर्षाचं नियोजन आठवतं बहुतेक. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पाच पत्रं निवडलीत, त्यात बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातील असं वाटतंय.

प्रश्न: ताई नमस्कार. आमचं जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. ग्रंथपाल एक, मदतनीस एक, तोही अर्धवेळ. त्यांना हातभार लावायला आम्ही वाचकांनीच मित्रमंडळ काढलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 80 जण आहेत, रोज सकाळी सुविचार पडतात, पुस्तकांचे फोटो पडतात, पण ‘रविवारी पुस्तकं लावायला या’ असं टाकलं की वीसेक अंगठे येतात आणि प्रत्यक्षात आम्ही तेच चौघं. आमचीही आता साठी उलटली. नवीन माणसं आणायची कुठून?
— एक सभासद, मुलुंड पूर्व

उत्तर: अंगठ्यांचा राग मानू नका. अंगठा देणाऱ्याला खरंच वाटत असतं की छान काम चाललंय, फक्त ‘या’ म्हणजे आपणच यायचंय हे त्याच्या डोक्यात येत नाही. ऐंशी जणांना एकदम बोलावलं की प्रत्येकाला उरलेले एकोणऐंशी दिसतात.

आधी एक करा, वही घेऊन ग्रंथपालांकडे जाऊन बसा आणि विचारा की तुमची कुठली कामं तुंबलीत. बहुतेक मंडळं नेमकं उलटं करतात, आधी माणसं जमवतात आणि मग त्यांना काय द्यायचं यावर मीटिंग घेतात, तोवर निम्मी घरी गेलेली असतात. ग्रंथपाल सांगतील ते लिहून घ्या. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची असतात, पावसाळ्यात बुरशी धरलेली पुस्तकं वेगळी काढून पंख्याखाली सुकवायची असतात, थकीत पुस्तकांसाठी फोन करायचे असतात, जुन्या कार्डांवरची नावं युनिकोडमध्ये टाइप करायची असतात (कोहासारखं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात देवनागरी नीट चालतं, अडतं ते टाइप करणाऱ्या हातांपाशी), सुटलेली पानं डकवायची असतात. आणि हो, पानं डकवायला साधी सेलोटेप देऊ नका कोणाला, ती काही वर्षांत पिवळी पडून कागदाची वाट लावते, त्याचा कागद वेगळा मिळतो तो बाइंडरकडून आणा.

मग एकेका कामाची चिठ्ठी करा, अगदी साध्या भाषेत. म्हणजे ‘महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार, दुपारी 4 ते 6, परत आलेली पुस्तकं लावणं, दोघं हवेत, खाली वाकता यायला हवं, दिवाळीपर्यंत’. एवढं वाचल्यावर माणसाला कळतं की हे आपल्याला जमेल का नाही. ‘ग्रंथालयासाठी वेळ द्या’ यातून काहीच कळत नाही, आणि मुंबईत वेळ द्या म्हटलं की माणूस घाबरतोच हो, दिवसाचे तीन तास लोकलमध्ये जातात त्याचे.

चिठ्ठी झाली की एका माणसाला, समोरासमोर, नाव घेऊन विचारा. कोणाला विचारायचं हे देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्याला बरोबर माहीत असतं. पुस्तक बदलायला आल्यावर दहा मिनिटं उगाच रेंगाळणारी, वाकडं पुस्तक दिसलं की न सांगता सरळ करणारी अशी पाच-सहा माणसं प्रत्येक वाचनालयात असतात आणि गंमत म्हणजे त्यांना आजवर कोणी विचारलेलंच नसतं.

बाहेरची माणसं हवी असतील तर चालत येण्याच्या अंतरातलीच बघा. घाटकोपरहून कोणी हौसेने यायला तयार झालं तरी रविवारी मेगाब्लॉक लागला की ते एकदा चुकणार, मग दोनदा, मग लाजेने फोन उचलणार नाहीत. आजूबाजूच्या सोसायट्यांचे नोटीस बोर्ड, ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, सगळीकडे ती चिठ्ठी लावा. बँकेतून रिटायर झालेली माणसं मिळाली तर सोडूच नका, साठा पडताळणीला नोंदवही आणि पुस्तक जुळवून बघायचं काम ती ज्या आनंदाने करतात ते बघण्यासारखं असतं. तुमच्याकडे अभ्यासिका असेल तर एमपीएससीची मुलं तिथे दिवसभर असतातच, मान मोडून वाचून झालं की अर्धा तास पाय मोकळे करायला कपाटं लावतात. त्यांना परीक्षेच्या आधीचे दोन महिने मात्र हात लावायचा नाही.

आणि गणेशोत्सव मंडळाकडे जा. पोरं मांडव घालतात, रांगा लावतात, हिशेब ठेवतात, रात्र रात्र जागतात, म्हणजे स्वयंसेवक म्हणून घडलेलीच असतात. वाचनाची आवड नसेना का. वाचनालयाला माळ्यावरचे गठ्ठे उतरवणारे आणि कपाट सरकवणारे हातही लागतात, आणि तुम्हा साठीच्या लोकांना ते कोणी करू देऊ नये.

एक जाता जाता. तुमच्या पत्रात पुढे लिहिलंय की हे मित्रमंडळ वगैरे परदेशी फॅड आहे असं समितीतले एक गृहस्थ म्हणतात. त्यांना सांगा, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं आणि मुंबईचं 1898 चं, दोन्ही गावातल्या वाचणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन उभी केलेली, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा त्यानंतर 1967 साली आला. तेव्हा फॅड असलंच तर आपलंच आहे.

प्रश्न: आमच्याकडे माणसं येतात पण टिकत नाहीत. कॉलेजची मुलं तर दोनदा येतात आणि गायब. मोठ्यांचंही तेच, फक्त ते कारण सांगून गायब होतात. आम्ही पहिल्या दिवशी सगळ्यांना संस्थेचा इतिहास सांगतो, नियमावली देतो, ग्रुपला अ‍ॅड करतो. अजून काय करायचं?
— संयोजक, गोरेगाव

उत्तर: कमी करा. पहिल्या दिवशी इतिहास नको. संस्थापकांच्या तसबिरी काही पळून जात नाहीत, त्या नंतर दाखवा. नवीन माणूस आला की त्याची वाट बघणारं एक माणूस दारात असावं, त्याला प्यायचं पाणी कुठंय, बाथरूम कुठंय, पिशवी कुठे ठेवायची हे सांगावं आणि दहा मिनिटांच्या आत एक असं काम हातात द्यावं जे त्याच दिवशी पुरं होईल. एक कप्पा पुसून लावून झाला, पन्नास पुस्तकांना कव्हरं घालून झाली, काहीही, पण घरी जाताना ‘एवढं मी केलं’ हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. अर्धवट ढिगासमोर दोन तास बसून गेलेला माणूस परत येत नाही आणि त्याला दोष देता येत नाही.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. तुमच्याकडे धूळ कोण झटकतं आणि लेखक आल्यावर स्टेजवर पुष्पगुच्छ कोण देतं? बहुतेक मंडळांत नवीन माणसं झटकतात आणि जुनी माणसं देतात, आणि हे नव्यांना पहिल्या कार्यक्रमातच कळतं, फक्त कोणी बोलत नाही, नंतर आईची तब्येत बरी नसते, ऑफिसात ऑडिट असतं. कामं फिरवा. तीन महिने कपाटं लावलेल्या मुलीला पुढच्या कार्यक्रमात पाहुण्यांची ओळख करून द्यायला सांगा, ती पुस्तक वाचून येईल, तयारी करून येईल, तुमच्या जुन्या वक्त्यांपेक्षा बरं बोलेल कदाचित.

मुदत ठरवा हे मात्र नक्की करा. ‘जमेल तेवढं या’ हे ऐकायला प्रेमळ वाटतं पण त्यात सुटका नसते, माणसाला कळत नाही की आपलं झालं कधी, मग तो मधेच गुपचूप सुटतो. जून ते दिवाळी, किंवा दिवाळी ते मार्च, अशी मुदत सांगा, संपली की चहा पाजून आभार माना आणि पुढच्या वेळी आहात का विचारा, नाही म्हणाला तर मनापासून बरं म्हणा. असं सन्मानाने गेलेलं माणूस वर्षाने परत येतं, रुसून गेलेलं कधीच येत नाही.

कॉलेजच्या मुलांचं वेगळं आहे. एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, असा हिशेब असतो. तेव्हा आधी कॉलेजच्या प्रोग्रॅम ऑफिसरशी बोलून ग्रंथालयातले तास धरले जातील हे पक्कं करा, हजेरीची वही ठेवा आणि तासांची सही त्याच दिवशी द्या. सहीसाठी ‘पुढच्या आठवड्यात कार्यवाह आले की या’ असं झालं की संपलंच. मुलं तासांसाठी येतात म्हणून नाक मुरडणारे लोक मला समजत नाहीत, आलीत ना? बालविभागात बसवा, फुकट कम्प्युटर शिकवणी घ्या त्यांच्याकडून. फक्त लहान मुलांबरोबर कोणीही एकटं नको, कायम दोन मोठी माणसं आणि उघडं दार, हा नियम सगळ्यांना सारखा, अगदी अध्यक्षांनासुद्धा.

आणि माणसं चिकटवायची असतील तर दिवाळी अंकांचा हंगाम सोडू नका. 1909 साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा आहे, आणि वाचनालयांच्या अंक योजनेला आजही लोक आधीपासून नाव नोंदवतात. दसरा झाला की गठ्ठे यायला लागतात, प्रत्येक अंकावर शिक्का, क्रमांक, वर प्लास्टिकचं कव्हर, सगळं आठ-दहा दिवसांत, हात कमीच पडतात. कोऱ्या अंकाचा वास, गप्पा, फराळाचा डबा, ‘हा आधी मी चाळणार’ म्हणून भांडणं. या दिवसात जो एकदा टेबलाला बसला तो बहुधा पुढच्या वर्षीही येतो. जमल्यास कव्हरं घालणाऱ्यांना एकेक अंक आधी वाचायला न्यायची सवलत द्या, खर्च शून्य आहे.

रिक्षा-बसचे पैसे द्यायचे का असंही विचारलंय तुम्ही. द्या, पण सगळ्यांना, न मागता. ज्याला गरज आहे त्याला हात पसरायला लावू नका.

प्रश्न: मी लालबाग भागातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे, नाव छापू नये. मित्रमंडळाचे लोक चांगले आहेत पण येतात आणि मलाच सांगतात की कपाटं अशी लावा, तशी लावा. लावलेली पुस्तकं सापडत नाहीत. परवा समितीच्या बैठकीत एक जण म्हणाले की आता एवढे स्वयंसेवक आहेत तर मदतनीस कशाला? त्या दिवसापासून मला हे स्वयंसेवक नकोसे झालेत. मी चुकतोय का?

उत्तर: नाही. तुमच्या जागी कोणीही असंच म्हणालं असतं.

मदतनिसाचं आधी. फुकट माणसं मिळाली म्हणून पगारी माणूस काढणं हे अन्यायाचं आहेच, पण समितीला अन्याय समजत नसेल तर अनुदान समजेल. 1967 च्या कायद्याखाली मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो आणि परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला सरकार देतं ते, त्या दर्जावर असतं, दर्जा ठरवताना पुस्तकांबरोबर उघडं ठेवायचे तास आणि नेमलेले कर्मचारी हेही बघतात. तपासणीला अधिकारी आले की हजेरीपट मागतात, ‘आमच्याकडे खूप प्रेमळ लोक येतात’ हे त्यात लिहिता येत नाही. पुढच्या बैठकीत हे शांतपणे, कागद समोर ठेवून सांगा, आणि मंडळातल्या एका समजूतदार माणसाला बरोबर घ्या. मित्रमंडळानेच लेखी द्यावं की आमचं काम नेमलेल्या माणसांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. जे मंडळ हे लिहून द्यायला कां कू करेल त्याच्याबद्दल मग मलाही शंका येईल.

आता पुस्तकं न सापडण्याचं. हे होणारच, कारण लोकांना वाटतं पुस्तक लावणं म्हणजे उभं करून ठेवणं. पुस्तकांना विषयवार आकडे देणारी ड्यूई वर्गीकरण पद्धत असते, तिच्यात मराठी साहित्य 891.46, त्यात कविता 891.461, नाटक 891.462, कथा-कादंबरी 891.463. शेवटचा एक आकडा चुकला की कादंबरी नाटकांत जाऊन बसते आणि साठा पडताळणी होईपर्यंत ती हरवल्यात जमा. तुमच्याकडे वेगळी पद्धत असेल, दाखल क्रमांकाची (पुस्तक आलं त्या क्रमाने) किंवा अक्षरांची, पण दुखणं तेच. यावर सोपा उपाय, नवीन स्वयंसेवकाने लावलेलं प्रत्येक पुस्तक आडवं ठेवायचं, तुम्ही येता-जाता बघून उभं करायचं. महिनाभरात कोणाचा हात पक्का झाला ते कळतं, मग त्याची आडवी पुस्तकं बंद. ज्याला चष्मा लावूनही क्रमांक नीट दिसत नाही त्याला कव्हरांचं टेबल द्या, त्यात अपमान काही नाही.

काही गोष्टी मात्र कोणाच्याच हाती देऊ नका, दाखल नोंदवही, वर्गणी आणि अनामतीची रोकड, सभासदांचे पत्ते-फोन. थकीत पुस्तकांचे फोन कोणी करणार असेल तर त्याला त्या दिवसापुरती नावं द्यायची आणि कागद परत घ्यायचा. कोण काय वाचतं ही चर्चा चाळीत पसरली तर वाचक तोंडावर काही म्हणत नाही, वाचनालय बदलतो.

सूचना देणाऱ्यांसाठी एक वही टांगा. ‘कपाटं अशी लावा’ म्हणणाऱ्याला हसून म्हणायचं, वहीत लिहा, महिन्याच्या शेवटी बसून बघू, आणि खरंच बसा. एखादी सूचना चांगली निघते हो. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांनी 1931 साली या शास्त्राचे पाच नियम मांडले त्यातला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवण्याचा, सूचना त्या कसोटीवर घासा, अहंकार आपोआप बाजूला राहतो, त्यांचाही आणि आपलाही. त्यांचाच जन्मदिवस, 12 ऑगस्ट, ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. मित्रमंडळवाले हे वाचत असतील तर त्या दिवशी व्याख्यान वगैरे ठेवू नका, त्याच्या खुर्च्यासुद्धा शेवटी ग्रंथपालच मांडतात. त्यांना सुट्टी द्या.

प्रश्न: वय 71, गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहते, गुडघ्यांमुळे खाली उतरणं महिन्यातून एकदा. वाचनालयाने माझ्यावर फार उपकार केलेत, पुस्तकं घरपोच येतात. मला आवाज चांगला आहे, पूर्वी आकाशवाणीवर वाचन केलंय. मोबाईलवर पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकू का?

उत्तर: काकू, रेकॉर्ड करा, पण यूट्यूबवर टाकू नका. आपल्याकडे लेखक गेल्यावर 60 वर्षं हक्क त्याच्या वारसांचा असतो, त्याच्या आतलं पुस्तक असं सगळ्यांसाठी टाकलं तर हेतू कितीही चांगला असला तरी ते चुकीचंच. मात्र 2012 साली कायद्यात बदल झाला त्याप्रमाणे ज्यांना अपंगत्वामुळे छापील वाचता येत नाही, म्हणजे अंध माणसं वगैरे, त्यांच्यासाठी नफा न घेता असं रेकॉर्डिंग करता येतं. तेव्हा वाचनालयातर्फे अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी बोलायला सांगा, कुठलं पुस्तक हवंय ते त्यांनाच ठरवू द्या, एकच पुस्तक चौघांनी वाचून ठेवलेलं असतं नाहीतर. दुपारी फेरीवाले आणि कुकर नसतील अशी वेळ गाठा, जमलं तर. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी ठेवा आणि सुरुवातीला पान क्रमांक सांगा.

शिवाय फोनचं काम तुमच्यासारख्यांना फार छान जमतं. थकीत पुस्तकाचा फोन मदतनिसाने केला की लोक चिडतात, आजींनी ‘वाचून झालं का हो, कसं वाटलं?’ असं विचारलं की दुसऱ्या दिवशी पुस्तक परत येतं.

प्रश्न: मित्रमंडळाचं वेगळं बँक खातं काढावं का? देणग्या येतात.
— खजिनदार, बोरिवली

उत्तर: नको. वेगळं खातं म्हटलं की 1860 च्या कायद्याखाली संस्था, 1950 च्या कायद्याखाली विश्वस्त नोंदणी, दरवर्षी ऑडिट, आणि मग तुमचे चार कामाचे लोक कपाटं सोडून कागद लावत बसणार. पैसे वाचनालयाच्याच खात्यात, वाचनालयाच्याच पावतीवर घ्या, पावतीवर ‘मित्रमंडळ उपक्रमासाठी’ असं लिहून घ्या आणि वर्षातून दोनदा त्याचा हिशेब कार्यवाहांकडून मागून नोटीस बोर्डावर लावा. देणगीदार 80जी, म्हणजे देणगीवरची आयकर सूट, विचारतील, वाचनालयाकडे ती मान्यता आहे का ते आधी बघा, असली तरी 2,000 रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर सूट नाही आणि नवीन करपद्धत घेतलेल्यांना तर मुळीच नाही, तेव्हा मोठी रक्कम चेकने किंवा यूपीआयने घ्या. आणि टेबलावरचा गल्ला रोज संध्याकाळी दोघांनी मिळून मोजायचा, एकट्याने नाही.